कंपनी यायलीय

जिथं कामं भराभर होतात तिथं किस्से होत नाहीत, असं माझं मत आहे. किस्से व्हायला माणसं वाट बघत बसलेली लागतात. आणि आमच्या ऑफिसात तर वाट बघणं हेच मुख्य काम!

परभणीहून गंगाखेडकडं जाताना मधेच एक औद्योगिक वसाहत लागते. म्हणजे आखलेले प्लॉट आहेत, आतले रस्ते आहेत, पाण्याची टाकी आहे, विजेचे खांब आहेत. कारखाने तेवढे यायचे राहिलेत. एक बर्फाचा कारखाना, एक सिमेंटचे पाइप करणारे, बाकी सगळ्या बाभळी. त्या वसाहतीच्या ऑफिसात मी सतरा वर्षं क्लार्क आहे. बाहेरून कुणी उद्योजक आला की त्याला जागा दाखवायची, रस्ता-पाणी-वीज समजावून सांगायची, चहा पाजायचा, आणि तो गेला की नकाशाची गुंडाळी परत कपाटावर ठेवायची.

ऑफिसात आम्ही चौघं. देशमुख साहेब, ड्रायव्हर कदम, पाण्याचा पंप सांभाळणारे शेखभाई आणि मी. दुपारी डबे उघडले की कुणीतरी म्हणतं, "मॅडम, ते आठवायलंय का?" आठवतंय ना. न आठवून सांगते कुणाला!

*

आमच्या फाट्यावर एसटी थांबते. त्या थांब्याचं नाव 'कंपनी'. कंडक्टर ओरडतो, "चला, कंपनीवाले उतरा!" आणि दोन म्हाताऱ्या, एक शेळी आणि कुणीतरी मास्तर उतरतात. वसाहत आखली तेव्हा कुणीतरी हे नाव पाडलं, ते पडलं ते पडलंच.

एकदा पुण्याला बारा वर्षं फिटर म्हणून काढलेला एक माणूस तिथं उतरला. आईवडील थकले म्हणून गावाकडं परत आलेला. इस्त्रीचा शर्ट, हातात सर्टिफिकिटांची फाइल. फाट्यावर कौसाबाईचं चहाचं हॉटेल आहे, तिला विचारलं,

"मावशी, कंपनी कुठं हाय?"

"यायलीय," कौसाबाई म्हणाली.

"यायलीय? कवाधरनं?"

"मी लगीन होऊन आले तवाधरनं!"

त्यानं चहा घेतला, फाइल पिशवीत घातली आणि उलट्या दिशेची एसटी धरली. कौसाबाईला आता सून आलीय. तीपण गिऱ्हाइकाला तेच सांगते.

*

विमानतळ शेजारच्या जिल्ह्यात आहे. आमच्या माहितीपत्रकात लिहिलंय, 'दीड तासावर'. हे साहेबांनी कदमला विचारून लिहिलं होतं, आणि कदमनं सांगितलं होतं पहाटेचं, रिकाम्या जीपचं, त्याच्या तरुणपणीचं.

हैदराबादचे एक गृहस्थ आले होते. औषधांच्या बाटल्यांची झाकणं करायचा कारखाना टाकायचा होता. वयस्कर, मऊ बोलणारे, दुखऱ्या कंबरेला पट्टा. कदम त्यांना आणायला गेला. तासभर ते जीपची कडी घट्ट धरून बसले. मग एका मोठ्या धक्क्यानंतर त्यांनी हिंदीत विचारलं, "रस्त्याचं काम चालूये का?"

कदम आपला खरं सांगणारा माणूस. म्हणाला, "न्हाई साहेब, हा झालेला हाय. काम चालू असल्याला पुढं लागतो!"

गृहस्थांनी ऑफिसात आल्यावर नकाशा उभ्यानंच बघितला. खुर्ची दिली तर म्हणाले, "नको, बसायची आता भीती वाटते."

*

विजेचा किस्सा सगळ्यांना ठाऊक आहे, पण तो निम्माच ठाऊक आहे.

कोइमतूरहून सूतगिरणीवाले येणार होते. कापूस इथं, मग गिरणी तिकडं कशाला, असा त्यांचा विचार. आम्हाला वाटलं, आता हे जमलं! साहेबांनी सबस्टेशनला हातापाया पडून सांगितलं, "आजचा दिवस लाइट घालवू नका. गावाच्या बाजूची घालवली तरी आपली पण जाते." सबस्टेशनचा माणूस चांगला होता. त्यानं सकाळी सहापासून संध्याकाळी सहापर्यंत खरंच लाइट ठेवली. असा दिवस तालुक्यात कुणी बघितला नव्हता.

पाहुणे आले, पंख्याखाली बसले, खूश झाले, गेले. पुढं त्यांनी गिरणी दुसऱ्या राज्यात टाकली ती गोष्ट वेगळी.

पण त्या दिवशी शेजारच्या गावानं बारा तास मोटारी चालवल्या. सगळ्या शिवारातली हळद भिजून निघाली. आठ दिवसांनी सरपंच आले. नारळ, हार, शाल. साहेब चकित! म्हणाले, "अहो, अजून काहीच ठरलं नाही. कशाचा सत्कार?"

सरपंच म्हणाले, "कंपनीचं ऱ्हाऊ द्या साहेब. महिन्यातनं दोनदा नुसते पाव्हणे आणत जा!"

*

एका परदेशी फर्मनं भलीमोठी प्रश्नावली पाठवली होती. जवळचं बंदर, जवळचं हॉस्पिटल, जमिनीचा पोत, भूकंप. साहेबांनी दोन दिवस बसून भरली. एक रकाना होता, 'कर्मचाऱ्यांसाठी मनोरंजनाची साधनं'. साहेब पेन चावत बसले. मग लिहिलं, 'आठवडी बाजार, ताडकळस'.

उत्तर आलं नाही. मला मात्र आजही वाटतं की ते खोटं नव्हतं!

*

आता मेक्सिकोचा. हा सांगितला की लोक म्हणतात, मॅडम, तुम्ही बनवून सांगता. देवाशपथ नाही.

परभणीत उद्योग मेळावा होता. मोठा हॉल, स्टेजवर समया, खाली कापसाचे जिनिंगवाले, डाळमिलवाले, तेलवाले. मुंबईहून एक सल्लागार आलेला. टाय, लॅपटॉप, लाल ठिपका पाडणारी कांडी. विषय होता 'आपल्या विभागाची बलस्थानं'.

पहिली पाचसहा चित्रं बरी गेली. मग पडद्यावर आलं, 'दोन महासागरांवरची बंदरं आवाक्यात'. लोकांनी एकमेकांकडं बघितलं. गोदावरी आहे आमच्याकडं, पण महासागर म्हणजे जरा जास्तच! पुढचं चित्र आलं, 'अमेरिकेची सीमा रस्त्यानं अवघ्या चार तासांवर'.

मग मागून एक जिनिंगवाले काका उठले. पांढरा सदरा, पांढऱ्या मिशा.

"साहेब," ते म्हणाले, "मला जिंतूरला जायला दीड तास लागतो. हा अमेरिकेचा रस्ता कोणत्या फाट्यावरनं फुटतो तेवढं सांगा!"

काय हसले लोक! सल्लागाराचा टाय घामानं भिजला. पण माणूस नवखा होता, खोटारडा नव्हता. माइकवरच कबूल केलं. मेक्सिकोतल्या कुठल्याशा राज्याच्या अहवालावरून त्यानं हे तयार केलं होतं. नावं बदलली, ही दोन चित्रं बदलायची राहिली. "त्यांच्याकडं कारखाने रांगेनं आले," तो म्हणाला, "म्हणून मी तो नमुना घेतला होता. सॉरी."

जेवणाच्या वेळी तो कोपऱ्यात एकटाच उभा होता. मला वाईट वाटलं. मी ताट घेऊन गेले आणि विचारलं, "तो मूळचा अहवाल आहे का तुमच्याकडं?" त्यानं तिथल्या तिथं माझ्या मोबाइलवर पाठवला. पुढं आठवडाभर डबा खाताना मी तो चाळत होते. माल उतरवायला रेल्वेचा फाटा आधी टाकला. रस्ता आधी. वीज आधी. कामगारांना शिकवायची शाळा आधी. मग कंपन्यांना पत्रं. मी शेखभाईंना चित्रं दाखवली. शेखभाईंनी चष्मा वर करून एकेक चित्र नीट बघितलं आणि मोबाइल परत दिला.

"मॅडम, उनो पैले बनाए, फिर बुलाए," ते म्हणाले. "अपन पैले बुलारे!"

*

शेखभाईंचा पंप गंजू नये म्हणून आठवड्यातनं एकदा चालवावा लागतो. पाणी सगळ्या पाइपलाइनीतनं फिरून शेवटच्या व्हॉल्व्हपाशी, म्हणजे प्लॉट नंबर चौदावर बाहेर पडतं. गावच्या म्हशींना हे माहीत आहे. मंगळवारी अकराला त्या स्वतःहून येतात. गुराखी मागून येतो.

एका मंगळवारी नागपूरच्या बाई जागा बघायला आल्या. संत्र्याच्या रसाचा धंदा. त्यांना नेमका चौदा नंबर आवडला, कोपऱ्याचा. बघतो तर तीसेक म्हशी डुंबायलेल्या.

बाई म्हणाल्या, "हा प्लॉट गेलेला दिसतोय. डेअरी आहे का?"

साहेब काही बोलायच्या आत शेखभाई म्हणाले, "हाव मॅडम. सध्या ट्रायल चालूये!"

*

शेवटचा किस्सा मी ऑफिसात सांगत नाही, कारण साहेब समोर असतात.

मागच्या दिवाळीनंतरची गोष्ट. बंगळुरूची, तयार कपडे शिवणारी एक कंपनी होती. त्यांच्या रेवती मॅडम आल्या. त्यांना रस्ता, वीज काही नको होतं आधी. त्यांना विचारायचं होतं, बायका कामाला मिळतील का? शेजारच्या गावच्या शाळेच्या व्हरांड्यात साहेबांनी आणि मी दोन टेबलं टाकली. रेवती मॅडम हिंदीत विचारणार, मी मराठीत सांगणार आणि फॉर्म भरणार.

तो शनिवार होता. त्या गावातली निम्मी घरं दिवाळी झाली की ऊस तोडायला कर्नाटकात जातात ती गुढीपाडव्याच्या सुमाराला परत येतात. सोमवारी ट्रक निघायचा होता. पण कंपनीच्या बाई आल्यात म्हणल्यावर सगळ्या बाया आल्या. हातातलं बांधायचं सोडून आल्या. धुतलेलं लुगडं, केसाला तेल.

अनुसया म्हणून एक होती, तिशीची असेल. सातवी शिकलेली. रेवती मॅडमनी विचारलं, "कामासाठी रोज किती लांब जाऊ शकता?"

"कर्नाटकात जाताव की आता," अनुसया म्हणाली.

मी म्हणलं, "तसं नाही. सकाळी जायचं आणि संध्याकाळी घरी यायचं."

"घरी मंजी उसाच्या फडावर, पाचटाच्या कोपीत?"

"नाही गं, इथं. तुझ्या घरी."

"रोज?"

"रोज."

अनुसया मागं वळून मोठ्यानं म्हणाली, "अगं बायांनो, ऐकलं का? रोज घरी यायचं म्हणतेत!"

आख्खा व्हरांडा हसला. तोंडाला पदर लावून, एकमेकीच्या पाठीत चापट्या मारून हसल्या. रेवती मॅडम गोंधळल्या. हळूच म्हणाल्या, "मी काही चुकीचं विचारलं का?"

"नाही," मी म्हणलं. मग फॉर्मवर लिहिलं, 'दोन किलोमीटर', म्हणजे गाव ते वसाहत.

फॉर्म संपले. रेवती मॅडम कागद गोळा करून गाडीत जाऊन बसल्या. बाया पांगल्या. अनुसया थांबली. ती साहेबांपुढं येऊन उभी राहिली.

"साहेब, मंग सोमवारी ट्रकात बसू का नको? मुकादम इचारायलाय."

देशमुख साहेबांनी सबंध नोकरीत कुणाला नाही म्हणलेलं मी ऐकलं नव्हतं. पाहुण्याला, रस्ता होणारच. गावाला, कंपनी येणारच. वरच्या साहेबांना, प्लॉट जाणारच. साहेबांनी चष्मा काढला, रुमालानं पुसला, परत लावला.

"बस बाई ट्रकात," ते म्हणाले.

"आन कंपनी आली मंजी?"

"मी फोन करीन. मी स्वतः करीन. नंबर सांग."

तिनं नवऱ्याचा नंबर सांगितला. साहेबांनी तो फॉर्मवर नाही, स्वतःच्या खिशातल्या डायरीत लिहून घेतला. आणि परत वाचून दाखवला.

सोमवारी सकाळी ट्रक आमच्या ऑफिसापुढनं गेला. भांडी, पत्रे, कोंबड्या, लेकरं, आणि सगळ्यांच्या वर बसलेली माणसं. गतिरोधकाला ट्रक हळू झाला. साहेब गेटात उभे होते. वरनं अनुसयाचा आवाज आला,

"साहेब, फोन करा बरं का! तिथं रेंज नसती, लागला न्हाई तर परत लावा!"

साहेबांनी हात वर केला. ट्रक वळेपर्यंत तो तसाच वर होता. मग ते आत आले, खिशातनं मोबाइल काढला, आणि भरलेला होता तरी चार्जिंगला लावला.