खिडकीजवळच्या कुंड्या

"पान पिवळं पडलं की समजायचं, मधे कुणीतरी हात घातलाय," असं ताई एकदा म्हणाली होती. कचेऱ्यांना भाड्याने कुंड्या देण्याचा तिचा धंदा. घरी कुणी चहा जरा बरा केला, तरी आज काय हवंय, असं ती विचारायची.

पाणी घालायचं काम धाकट्या जावेकडे होतं. एका विमा कचेरीतून खिडकीजवळची झाडं मरगळल्याची तक्रार आली, तेव्हा ताईने ठरवूनच टाकलं: जाऊ चांगल्या कुंड्या परस्पर विकते आणि मरतुकड्या आणून ठेवते. जेवताना सगळ्यांसमोर ती तसं बोललीही. दीर भरल्या ताटावरून उठला. जावेला आता कामावरून काढायचं, एवढंच उरलं होतं.

पुरावा हवा म्हणून ताई न सांगता कचेरीत गेली. जाऊ पाणीच घालत होती.

"या ताई. चोर पकडायला?"

"कुंडी कलती कर."

प्रत्येक कुंडीच्या बुडाला ताई खिळ्याने खूण करायची. हे कुणालाच माहीत नव्हतं. खूण जागेवर होती. कुंडी ताईचीच होती, बदललेली नव्हती.

"मग पाणी चुकवतेस."

"बोट घालून बघा."

माती चिकट होती, आंबूस वासाची. आत मुळं कुजत होती.

"रोज मगभर, तुम्हीच सांगितलंत. कमी घातलं तर कामचुकार, जास्त घातलं तर झाडांच्या जिवावर उठले. म्हणून बरोबर मगभरच."

टेबलामागचा कारकून हसला. "काकू, साहेबांनी काचांना काळी फिल्म लावून घेतल्यापासून दुपारी आमचाही डोळा लागतो."

ताईने वर पाहिलं. दिवसाढवळ्या दिवे चालू होते.

पान उजेडावर अन्न तयार करतं. उजेड वाढला की ते काम जोरात चालतं, एका हद्दीपर्यंत. उजेड मंदावला की काम मंदावतं, आणि झाड पाणीही कमी ओढतं. मगभर पाणी उघड्या काचेच्या हिशेबाने ठरलं होतं. हे तिला चांगलं ठाऊक होतं. पण इतके दिवस ती रस्त्यापलीकडे उभी राहून जाऊ काय घेऊन बाहेर पडते तेवढंच बघत होती. आत एकदाही आली नव्हती.

"फिल्म लावली, ते मला का नाही सांगितलंस?"

"सांगायला आले होते. तुम्ही माझी पिशवी तपासायला घेतलीत."

ताईने कारकुनाकडे पाहिलं, मग जावेकडे. यांचं आधी काही ठरलं असेल का?

"घरी सगळ्यांसमोर बोललात," जाऊ म्हणाली. "आता हेही सगळ्यांसमोर सांगाल?"

ताईने चिखलाचं बोट रुमालाला पुसलं आणि ती बाहेर पडली.