मामांचा पेला

आमच्या सुमात्रातल्या मिनांग लोकांत घर बायकांचं. जावई म्हणजे खुंटावरची राख, फुंकर आली की उडाली. त्यामुळे माझी थोरली मेहुणी अस्निमार, म्हणजे आमची उनी (आमच्यात ताईला उनी म्हणतात), “गाडी एरिझाल चालवेल” म्हणाली तेव्हा एरिझालला कोणी विचारलंसुद्धा नाही. एरिझाल म्हणजे मी.

उनीची बेकासी शहरात पाडांग, म्हणजे आमच्याकडच्या जेवणाची, खानावळ होती. डाव्या हातावर खांद्यापर्यंत ताटल्यांची चळत रचून ती सगळी कालवणं एका फेरीत मांडायची, रश्श्याचा थेंब सांडायचा नाही. मग मूत्रपिंडं गेली. डायलिसिससाठी डाव्या हाताच्या शिरा जोडल्या आणि त्या हातावर वजन घ्यायला बंदी आली. बाईनं उजव्या हाताला शिकवलं. बशा फुटल्या तेवढ्या फुटल्या. तिला खरं छळलं ते पाण्यानं. दिवसाला एक लहान बाटली, चहाही त्यातच आणि रस्साही त्यातच. गिऱ्हाईक गटागटा पाणी प्यायला लागलं की ती टक लावून बघायची, आणि त्याच्या लक्षात आलं की त्याच्यावरच खेकसायची.

आजारपण सुरू झाल्यापासून ती गावी गेली नव्हती. त्या वर्षी ईदेनंतर आमच्या गावच्या सगळ्यांनी मिळून गाड्यांचा ताफा काढायचं ठरवलं. समुद्र ओलांडायचा आणि मग सुमात्राभर रस्ता. उनी म्हणाली, मी येणार, आई थकलीय. सगळ्यांनी डोक्याला हात लावला. तिनं फोन केले, वाटेतल्या एका शहरात डायलिसिसची जागा मिळवली आणि आम्हाला सुनावलं, “यंत्र काय फक्त बेकासीतच बसवलंय?”

गाडीत मी, माझी बायको देस्मा, उनी आणि बख्तियार मामा. आमच्यात भाच्यांची जबाबदारी बापापेक्षा मामावर असते, आणि ह्या मामांनी ती अंगावर घेतली होती. मनगटाला बांधायचं रक्तदाबाचं यंत्र त्यांनी स्वतःच्या पैशानं आणलं होतं. बोटीतून उतरून आम्ही सुमात्राच्या टोकाला, लांपुंगच्या रस्त्याला लागलो आणि सकाळी पहिल्यांदा थांबलो, तेव्हा त्यांनी उनीचा रक्तदाब बघितला आणि तोंड वाकडं केलं. मग डिकीतून पिशवी काढली. देपोकला त्यांच्या अंगणात करमळाचं झाड आहे, आडवं कापलं की चांदण्या पडतात ते फळ. सगळा देपोक ह्याच फळानं रक्तदाब उतरवतो. मामांनी तिथंच रस काढला, दोन पेले भरले, एक तिला, एक स्वतःला.

उनी म्हणाली, हे माझ्या पाण्यात धरावं लागेल.

“हे पाणी नाही पोरी, औषध आहे,” मामा म्हणाले.

तिनं डोळे मिटून पेला रिकामा केला. किती काळानं भरलेला पेला तिच्या ओठाला लागला होता कोण जाणे. माझ्याच्यानं बघवेना. मामा नमाजासाठी हात-पाय धुवायला गेले. त्यांचा पेला गाडीच्या नाकावर तसाच होता, मी घामानं निथळत होतो, मी तो तोंडाला लावला. उनीनं ते पाहिलं आणि ओठावर बोट ठेवून हसली. मामा येऊन विचारू लागले, माझा पेला कोणी संपवला, तेव्हा ती झाडाकडे बघत बसली.

थोड्या वेळानं तिला उचकी लागली.

उचकी लागलेल्या माणसावर अचानक चोरीचा आळ घालायचा, दचकला की थांबते, हे आमच्यात पोराटोरांनाही ठाऊक. देस्मानं सुरुवात केली, माझी बांगडी तू ढापलीस म्हणून. मामा दर मैलाला विचारायचे, “काय चोरलंस, खरं सांग.” पेट्रोलपंपावर दुसऱ्या गाडीतली एक बाई म्हणाली, माझा नवरा पळवलास. उनी उचकत उचकत म्हणाली, तुझा? फुकट दिलास तरी नको. पंपावरची माणसंसुद्धा हसली. मी तर सगळ्यात जास्त हसलो. दुपारपर्यंत आम्ही हसत होतो.

मग तिला उलटी झाली. गाडी लागली असेल, म्हटलं. मग मागून माझ्या खांद्यावर टकटक करून ती म्हणाली, “चार नंबरला भात वाढ. आणि दिवे लाव, अंधार पडला.”

बाहेर लख्ख ऊन होतं. मला वाटलं, आता ही आमची थट्टा करतेय. देस्मानं तिचं तोंड आपल्याकडे वळवून विचारलं, उनी, मी कोण? उनीनं तिच्याकडे नीट पाहिलं.

“इथंच खाणार की पार्सल?”

देस्मा माझी बायको आहे, पण तिचा तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता. रुग्णालयापर्यंत गाडी कशी हाकली आठवत नाही.

रुग्णालयातल्या डॉक्टरीण बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, काय खाल्लं होतं? मामांनी सगळं सांगितलं, रसाचं तर छाती पुढं काढून. बाईंनी डोळे मिटले. मग म्हणाल्या, धडधाकट माणसाला ह्याचं काही होत नाही, पण ज्याची मूत्रपिंडं गेलीत त्याला हे फळ विष आहे, माणसं दगावतात.

“पण झाड माझं आहे,” मामा म्हणाले. “मी त्याला खतसुद्धा विकतचं घालत नाही.”

आणि ते भिंतीला टेकून खाली बसले. मी उभा होतो. तोच रस माझ्या पोटात होता आणि मला साधी ढेकरही आली नव्हती. मला स्वतःच्या पोटाची भीती वाटली.

उनीला यंत्राला लावलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावलं. मामांनी अन्नाला हात लावला नाही. मला म्हणाले, तुम्ही पुढं जा, मी इथूनच बसनं परत जातो, बहिणीला कुठल्या तोंडानं सांगू की तुझ्या लेकीला मी विष पाजलं.

तिसऱ्या दिवशी उनीनं मला ओळखलं, गाडी धुतलीस का विचारलं. देस्मानं रडत रडत सगळं सांगून टाकलं. मामा टोपी हातात घेऊन दारातच उभे होते, आत येत नव्हते. उनीनं त्यांना हाक मारली.

“मामा, तुमचा पेला मी प्यायले. तुम्ही हात-पाय धुवायला गेलात तेव्हा. तहान आवरली नाही. एकावर थांबले असते तर काही झालं नसतं.”

मामा बघतच राहिले. “दोन्ही पेले?”

“तुम्हीच विचारत होता ना, काय चोरलंस म्हणून.”

“चोरटी,” मामा म्हणाले. “लहानपणापासून चोरटी.” मग त्यांनी तिला अशा शिव्या घातल्या की परिचारिका धावत आली. आणि मग बाहेर जाऊन ते दोन ताटं भात जेवले.

मी तोंड उघडलं होतं. उनीनं माझ्याकडे पाहिलं आणि ओठावर बोट ठेवलं, अगदी त्या दिवशीसारखं. फक्त हसली नाही.

आम्ही गावी पोचलो. ती आईच्या पायाशी बसली, मामांनी घरभर तिच्या चोरीची गोष्ट रंगवून सांगितली, आणि म्हातारी भावाला म्हणाली, तुझा काय दोष, माझी पोरगीच हावरट. पुढच्या ईदेपर्यंत उनी राहिली नाही. एका सकाळी खानावळ उघडताना हृदय थांबलं. दफनाच्या वेळी मामा येईल त्याला सांगत होते, पोरीला तहान फार होती हो, माझासुद्धा पेला प्यायली होती.

मला ते अजून विचारतात, तू तिथंच होतास ना रे, तुला कसं दिसलं नाही?

मी म्हणतो, माझं लक्ष गाडीकडे होतं.