चहाला आधी नको म्हणणारा ओरान

...तर तिघांनी मिळून ते चित्रण पाहिलं आणि एकालाही त्यातली चूक दिसली नाही, इथवर काल गोष्ट आली होती. तिघं म्हणजे ओरान गॉहन, त्याची आई ब्रीज आणि आजोबा पॅट. आजोबांना सगळं गाव पॅट जॉनी म्हणतं. बाप जॉनी, म्हणून पॅट जॉनी; नुसते पॅट गॉहन गावात ढीगभर.

ओरान नट. हे पचायला गावाला वेळ लागला. चर्चच्या हॉलमधल्या नाटकात पोरसवदा ओरानने म्हाताऱ्या पोस्टमनचं काम इतकं हुबेहूब केलं, की खऱ्या पोस्टमनने आठवडाभर अबोला धरला. मग तो डब्लिनला जाऊन शिकला आणि टीव्हीवर दिसू लागला. दिसू लागला म्हणजे काय, एका मालिकेत सैनिक होऊन पहिल्याच भागात मेला आणि दुसरीत इस्पितळाच्या खाटेवर नळ्या लावून पडला. ब्रीजने त्याला कानांवरून ओळखलं. गावच्या किराणा दुकानातली नोरा म्हणाली, "छान केलंस हो. पुढच्या खेपेला शुद्धीत असशील का?"

ओरान हसला, पण पुढे पुढे तशीही कामं येईनात. तो घरी परतला. जवळच बेलमलेटला मेहुण्याचं टायरचं दुकान आहे, तिथे सोमवारपासून लागायचं ठरलं. तेवढ्यात लंडनहून एका चित्रपटासाठी निरोप आला: हा प्रसंग फोनवर चित्रित करून पाठवा. "ही शेवटची खटपट," त्याने आईला सांगितलं. तिने मागे पडद्यासारखी दिसावी म्हणून निळी चादर इस्त्री करून कपाटावर टांगून दिली.

फोन पावाच्या डब्याला टेकवला. प्रसंग साधाच. कित्येक वर्षांनी मुलगा परदेशातून घरी येतो. बाप विचारतो, चहा घेशील? मुलगा म्हणतो, हो. मग मुलाचं लांबलचक बोलणं. बापाचे शब्द वाचायला पॅट जॉनी शेगडीपाशी चष्मा लावून बसले.

"चहा घेशील?"

"नको, आत्ताच झाला."

"अर्धा कप तरी."

"नको हो, उगाच तुम्हाला त्रास."

"त्रास कसला, किटली चढलेलीच आहे."

"बरं. थेंबभर मग."

आणि तिथून ओरान असा काही बोलला, की ब्रीज उगाच सिंककडे तोंड करून धुतलेले कप पुन्हा धुवायला लागली. तिघांनी चित्रण एकदा पाहिलं आणि लगेच पाठवून दिलं.

दिग्दर्शिका स्वतः बोलेल, असा लंडनहून निरोप आला. तिचा फोन यायचा त्या दिवशी ओरानने तो कागद पुन्हा हातात घेतला आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"आजोबा, तुम्ही कागदावरचंच वाचलंत ना?"

"वाचलं की. 'चहा घेशील?' हेच तर लिहिलंय."

"आणि पुढचं?"

"पुढचं काय लिहायचं असतं? तू नको म्हणालास. मग काय गप्प बसू? आलेल्या माणसाला?"

ब्रीजने कागद घेतला, वाचला आणि म्हणाली, "लगेच हो म्हणतो? कसला मुलगा आहे हा?" मग हळूच विचारलं, "तुझ्या मेहुण्याला कळवू का, सोमवारचं नक्की म्हणून?"

"थांब गं आई."

टायरच्या दुकानात पुढे दुसराच कुणी लागला, आणि तो चित्रपट आमच्या हॉलमध्ये लागला तेव्हा नोरा पहिल्या रांगेत होती. पण ते नंतरचं. त्या दिवशी फोनच्या पडद्यावर दिग्दर्शिका हॅरियट लोव आली आणि इकडचं तिकडचं न बोलता तिने विचारलं, "कागदावर 'हो' लिहिलंय. तुम्ही दोनदा नको म्हणालात. हे तुम्ही मुद्दाम केलंत?"

हो म्हणून टाकलं असतं तर कुणाला कळणार होतं? शेगडीपाशी पॅट जॉनी कान देऊन बसले होते. ओरानने एकदा त्यांच्याकडे पाहिलं.

"नाही मॅडम, चुकून झालं, आणि घरात कुणालाच ते चूक वाटलं नाही. त्याला तो चहा फार हवा होता, म्हणून तर तो नको म्हणाला; आमच्याकडे पहिल्या विचारण्याला हो परका म्हणतो, तो काय परका आहे? तुम्ही म्हणाल तर परत करून पाठवतो, पण वाचायला दुसरा माणूस बघावा लागेल, आमचे आजोबा एकदा विचारून थांबायचे नाहीत."