अर्ध्या तिकिटाचं वय

माझ्या वडिलांचं वय नऊ वर्षांनी वाढवलं ते मी. हे काम करायला घरात दुसरं कुणी लायकच नव्हतं. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच. संगमनेरला बी.कॉम. झाले, पतसंस्थेत लागले, आणि तेव्हापासून गल्लीतले झाडून सगळे फॉर्म माझ्याकडे येऊ लागले. याचा मला अभिमान होता, अजून आहे. त्यात लपवायचं काय?

त्याचं असं झालं, एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. आईला अर्धं, मला अर्धं, आणि आण्णांना, म्हणजे वडिलांना, पूर्ण. तिघं मिळून पहिल्यांदा बाजाराला जाऊन आलो, त्या दिवशी आण्णा नीट जेवले नाहीत.

"तुमी दोघी अर्ध्यात आन् मी एकटाच पुऱ्यात," ते म्हणाले. "मान्साच्या जातीनं गुन्हा काय केलाय?"

"पासष्ट झाले की तुम्हालाही अर्धं आहे, आण्णा."

"मग कर की पासष्ट. शिकलीस कशाला?"

आई भाकरी थापता थापता म्हणाली, "केसांकडं बघून तर सत्तरचे वाटत्यात. कोन इचारतंय?"

कुणी विचारलं नाही. गावातून वयाचा दाखला आणला, आधारच्या केंद्रावर फॉर्म भरला, आणि छप्पनचे आण्णा पासष्टचे झाले. फेरीमागं वीस रुपये वाचू लागले. आण्णा चार लोकांत सांगायचे, "पोरगी शिकल्याचा फायदा असा अस्तोय."

पुढच्याच वर्षी त्यांची तीन बोटं गेली.

ते पशुखाद्याच्या कारखान्यात होते. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड आणि सात-आठ माणसं. मशीनच्या पट्ट्यावर जाळी असायला हवी होती, ती काढून ठेवलेली होती, कारण जाळी असली की साफसफाईला वेळ लागतो. उजव्या हाताची अंगठ्याशेजारची तिन्ही बोटं मुळापासून गेली. राहिला अंगठा आणि करंगळी. दवाखान्यातून घरी आल्यावर आण्णा म्हणाले, "अंगठा हाय ना? मग सरकारचं काम अडत न्हाई."

दहा-बारा दिवसांनी शेठ सफरचंदं घेऊन आले. माणूस गोड बोलणारा.

"आण्णा मला वडलांच्या जागी आहेत," शेठ म्हणाले. "कोर्टकचेरी कशाला? घरातल्या घरात मिटवू. बोटाला पन्नास धरा. तीन बोटांचे दीड लाख."

"करंगळी बी घ्या मग," आण्णा म्हणाले, "दोन लाख पुरं करा."

शेठ हसले. मला हसू आलं नाही, कारण तोवर मी कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा वाचला होता. कायद्यात चक्क तक्ता आहे, कुठला अवयव गेला तर कमाईची ताकद किती टक्के गेली याचा. एका हाताची तीन बोटं, तीस टक्के. अंगठा एकटाच तीस टक्के. डावा काय, उजवा काय, कायद्याला दोन्ही हात सारखे.

"सारखे कसे?" आण्णांनी विचारलं. "डाव्यानं कायदा करनारा जेवतो का काय?"

पगाराचे साठ टक्के घ्यायचे, वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्यानं गुणायचं, आणि त्याचे तीस टक्के. वय वाढेल तसा तो आकडा उतरत जातो, कारण म्हाताऱ्याचे कमाईचे दिवस थोडे उरलेले. पगार बारा हजार, तो खात्यावर जमा व्हायचा, म्हणून त्यात वादाला जागा नव्हती. मी सत्तावन्नच्या समोरचा आकडा धरला. दोन लाख सत्त्याहत्तर हजार आले. दारात आमच्या दोन गायी, त्यांची धार आण्णाच काढायचे. पण ते कारखान्याच्या पगारात बसत नाही, म्हणून हिशोबातही नाही.

मी तो कागद शेठपुढं सरकवला. त्यांनी वाचला, घडी केली आणि खिशात घातला. सफरचंदं मात्र ठेवून गेले.

दावा नगरला लागला. आमचे वकील कागद लावत असताना म्हणाले, "सगळं ठीक. वयाचा पुरावा?"

मी आधार काढून दिलं. देताना हात टेबलावरच थांबला.

वकिलांनी कॅल्क्युलेटर ओढला. "सहासष्ट. म्हणजे यादीतला सगळ्यात खालचा आकडा. दोन लाख पंधरा हजार. बासष्ट हजार गेले, ताई."

बाहेर आल्यावर मी मनात गणित केलं. फेरीला वीस रुपये धरले तर बासष्ट हजार वसूल व्हायला आण्णांनी तीन हजार शंभर वेळा संगमनेरला जायला हवं. आण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "जाईन की. आता काम तरी काय हाय?"

दुसरा पुरावा एकच होता. आण्णा दुसरीपर्यंत शाळेत गेले होते. मी गावच्या शाळेत जाऊन जुन्या रजिस्टरचा उतारा काढला. जन्मतारीख एक जून. आमच्या गावात त्या पिढीतली निम्मी माणसं एक जूनलाच जन्मली आहेत, गुरुजींना ती तारीख सोयीची होती. पण वर्षावरून वय बरोबर सत्तावन्न भरत होतं. आता एकाच माणसाची दोन वयं, आणि त्यातलं खोटं कुणी लिहिलं, हे कोर्टात उभं राहून सांगायला मीच.

सुनावणीच्या दिवशी शेठच्या वकिलांनी मजेत विचारलं, "आधारचा फॉर्म कुणी भरला?"

"मी."

"शिक्षण?"

"बी.कॉम."

"वय चुकून लिहिलं की समजून?"

"समजून. एसटीचं अर्धं तिकीट मिळावं म्हणून."

मागच्या बाकांवर कुणीतरी फिसकन हसलं. आयुष्यात पहिल्यांदा मला डिग्री सांगायला लाज वाटली.

"म्हणजे तेव्हा वीस रुपयांसाठी खोटं बोललात," वकील म्हणाले. "आज बासष्ट हजारांसाठी खरं बोलताय, हे साहेबांनी कशावरून मानायचं?"

प्रश्न चांगला होता. न्यायाधीश साहेबांनी आण्णांकडं पाहिलं. "शाळेत घातलं तेव्हा तुमचं वय कसं ठरवलं, आठवतं?"

"आठवतं की," आण्णा म्हणाले. त्यांनी उजवा हात डोक्यावरून पलीकडं नेला आणि डाव्या कानावर ठेवला. "गुरुजी म्हनले, डोक्यावरनं कान धर. बोटं कानाला लागली. लागली म्हंजी सहा पुरी. तसं लिवलं."

हात तसाच कानावर राहिला. अंगठा आणि करंगळी दिसत होती, मध्ये काही नाही.

साहेब शेठच्या वकिलांना म्हणाले, "लहानपणी शाळेत लिहिलेलं वय काही तिकिटासाठी लिहिलेलं नसतं. तुमच्या पक्षकाराला विचारून घ्या." शेठ आणि त्यांचे वकील बाहेर जाऊन बोलले. आत आले ते सत्तावन्न मान्य करून. तडजोडीचा कागद साहेबांपुढंच झाला. आण्णांनी अंगठा उठवला. शेठनं सही केली आणि जाताना आण्णांच्या पाया पडायला वाकले. आण्णा मागं सरले. "वडलांच्या जागी न्हाई हो शेठ, आता मी न्हान हाय."

साहेबांनी मला तेवढं बजावलं, "आधार दुरुस्त करून घ्या." मी मान हलवली.

संध्याकाळच्या एसटीत कंडक्टर आला. माझ्याकडं पाहिलं, आण्णांच्या पांढऱ्या केसांकडं पाहिलं, आणि मशीन दाबत म्हणाला, "दोन अर्धी ना?"

आधार आण्णांच्या खिशातच होतं, सहासष्ट वर्षांचं. मी काही बोलायच्या आत ते म्हणाले, "येक अर्धं, येक पुरं."

"बाबा, पासष्टच्या पुढं असाल तर दाखवा, कशाला पैशे घालवता?"

"सत्तावनचा हाय मी."

"शोभत न्हाई," कंडक्टर म्हणाला आणि तिकिटं फाडून दिली.

मला वाटलं, माझी मान खाली गेली त्याची भरपाई चाललीय. डोळे भरून आले. तेवढ्यात आण्णा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "पैशे हातात येस्तवर पुरंच काढायचं. शेठची गाडी याच रस्त्यानं जातीय."