खापरपणती आत्ता काय करतेय?

पुस्तक मिटताना बाई पानात बोट ठेवायच्या, चष्मा कपाळावर चढवायच्या आणि विचारायच्या, “हं, बोला. तुमची खापरपणती आत्ता काय करतेय?”

तुम्ही असता तर तुम्हीही गडबडला असता. इथे मुलीच्या बारावीची काळजी, खापरपणती कुठून आणायची? पण नालासोपाऱ्यातल्या त्यांच्या तळमजल्यावरच्या घरी शनिवारी दुपारी यायचं, तर यातून सुटका नव्हती. बाई कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या. अमेरिकेतल्या काळ्या बायकांची पुस्तकं त्या आम्हा आसपासच्या बायकांना वाचून दाखवायच्या. समोर इंग्रजी पान आणि तोंडात थेट मराठी. मी एकदा शिष्टपणे ‘कृष्णवर्णीय’ म्हणाले, तर म्हणाल्या, “काळ्या म्हणा. त्या स्वतः ताठ मानेनं म्हणतात.”

“यांच्या पणज्यांना उद्याचा दिवससुद्धा स्वतःचा नव्हता,” त्या सांगायच्या. “आणि या बघा, दोनशे वर्षांपुढचं लिहितात. पार दुसऱ्या ग्रहावरचं. आपल्याला निदान नालासोपाऱ्यातलं तरी जमायला हवं.”

मी माझ्या खापरपणतीला कलेक्टर केलं. बाई हिरमुसल्या. “तिलाही नोकरीलाच लावलंत?”

उत्तर द्यायची त्यांची स्वतःची पाळी कधी यायचीच नाही. लग्न नाही, मूलबाळ नाही. “माझी तुमच्यातच कुणीतरी सांभाळा,” म्हणायच्या आणि चहा ठेवायला उठायच्या.

त्यांचा जीव अडकला होता तो नंदाखाल गावच्या वहिनींपाशी. वहिनी वाडीतली केळी आणि पालेभाजी घेऊन फाटकाशी बसत. एका शनिवारी बाईंनीच त्यांना टोपलीसकट आत बोलावलं. पहाटे उठून वाडीला पाणी, मग बाजार, मग घरचं रांधणं. वहिनी ऐकता ऐकता पेंगायच्या. पाळी आली की म्हणायच्या, “मला काय दिसत नाय, बाई. दुसऱ्या कोनाला तरी विचारा.” बाईंचा चेहरा उतरायचा. पुढे बाईंचं आजारपण बळावलं तेव्हा त्या मला म्हणाल्या, “त्यांना एकदा काहीतरी दिसू दे. नाहीतर मी वाचलेलं सगळं फुकट.”

शेवटच्या शनिवारी बाई पलंगावरच होत्या, पुस्तक मी धरलं होतं. प्रश्न मात्र त्यांनीच विचारला. वहिनी डोळे मिटून म्हणाल्या, “दिसली. झोपलीय. भर दुपारची. नि कोन उठवत नाय तिला.”

बाई वहिनींचा हात हातात घेऊन नुसत्या हसत राहिल्या. इतक्या सुखात मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

बाई गेल्या. फार आठवण येते त्यांची. शनिवार आता माझ्याकडे असतो, अडखळत मीच मराठी करते. त्यांची वेताची खुर्ची आणून ठेवलीय. पहिल्याच वेळी पाळी फिरत फिरत त्या खुर्चीपाशी आली आणि आम्ही सगळ्या थांबलो. मला रडू आवरेना.

वहिनींनी माझ्या पाठीवर हात ठेवला. “बाईंची माज्याकडं हाय,” त्या म्हणाल्या. “हळू. झोपलीय ती.”