पट्ट्याचं बक्कल

चिंचेनं पितळ घासताना येणाऱ्या आंबूस वासानं मला लढाईच्या काळातली विंझर गावातली ती दुपार आठवते. माझा नवरा आघाडीवर बेपत्ता होता. त्याच्या पलटणीतला एकजण, ओळख न पटलेल्या एका मेलेल्या शिपायाच्या पट्ट्याचं बक्कल दाखवायला घरी आला. सासूबाईंनी ते माझ्यापुढं धरलं. "ह्ये त्याचंच हाय का गं?" मागच्या रजेत मीच ते घासलं होतं, दगडावर आपटून वाकलेली आकडी मी लगेच ओळखली. पण सासूबाई आशेनं माझ्या तोंडाकडं बघत होत्या. "न्हाई आत्याबाई," मी म्हणाले, "त्यांचं न्हाई." "मंग येईल त्यो," म्हणत त्या चुलीकडं वळल्या. त्या असेपर्यंत मी कुंकू लावत राहिले. त्या गेल्या त्या दिवशी मी दोघांसाठी एकदमच रडले. सासूसाठी सून एवढी रडते, याचं शेजारणी अजूनही कौतुक करतात.