मुकादमबाईंच्या पर्समधला फ्यूज

मुकादमबाईंच्या पर्समध्ये रुमाल असो नसो, प्रयोगशाळेच्या मेनस्विचमधला पांढरा चिनीमातीचा फ्यूज असायचाच. विज्ञान शिकवणारी ही मिरकरवाड्याची बाई आधी फ्यूज काढून घ्यायची, म्हणजे प्रयोगशाळेची वीज बंद, मग मुलींना तारा जोडायला सांगायची. जोडून झाल्या की आकृतीवर बोट ठेवून वीज कुठून येते, कुठे जाते, ते प्रत्येकीने मोठ्याने वाचायचं. "बोट अडलं तिथे वीज पण अडणार," हे बाईंचं ठरलेलं वाक्य. मग पुन्हा पहिल्यापासून. न अडता वाचून झालं की मगच फ्यूज परत मेनमध्ये बसायचा.

ही दोन हजार सालच्या आसपासची, रत्नागिरीतली गोष्ट. शाळा सुटल्यावर मुलींना थांबवायचं तर दोन शिक्षिका हव्यात, असा आमच्याकडे नियम. म्हणून मी, मराठीची साळवीबाई, तिथे राखणीला. माझा विजेशी छत्तीसचा आकडा! पण कोपऱ्यात निबंध तपासता तपासता ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, डायोड विजेला उलटं फिरू देत नाही, हे माझ्याही डोक्यात शिरलं. रोज तेच कानावर पडल्यावर काय होणार?

मुली रेडिओसाठी पॉवर सप्लाय करत होत्या, म्हणजे रेडिओ सेलशिवाय भिंतीतल्या विजेवर चालेल. फळ्यावर आकृती काढली सुलभाने. रांगोळीत दरवर्षी पहिली येणारी पोर. रेघेवरून रेघ गेली की तिचा हात आपसूक ठिपका देणार. आकृतीत मात्र ठिपका म्हणजे तारा जोडायच्या. नुसती तार ओलांडून गेली तर ठिपका नाही. सुलभाने सगळीकडे दिले. मुलींनी तसंच जोडलं, तसंच वाचलं, आणि बाईंचीही नजर चुकली. बटण दाबताच सप्लायमधला छोटा काचेचा फ्यूज फट्‌कन उडाला. दारात नेमके हेडसर उभे.

मुलींना हे उद्योग हवेत कशाला, असं त्यांचं पहिल्यापासूनच मत. वर्ग आजपासून बंद, म्हणाले, आणि मेनचा फ्यूज मागायला हात पुढे केला. पण फट्‌ होताच बाईंनी तो काढून पर्समध्ये टाकलाच होता. त्यांनी चेन लावली.

"सर, फ्यूज उडण्यासाठीच असतो. पोरींच्या चुकण्याची सोय आधी करते, मग शिकवते. वर्ग बंद होणार नाही."

मग रडवेल्या सुलभाकडे वळल्या. "रडू नको गो. जास्तीचे ठिपके पूस आणि वाच."

सुलभाने पुसले, बोट ठेवून वाचलं, चुकीच्या जागी जोडलेल्या तारा सोडवल्या, काचेचा नवा फ्यूज घातला. बाईंनी पर्समधला फ्यूज मेनमध्ये परत बसवला. रेडिओ खरखरला आणि चक्क बातम्या लागल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. हेडसर पाठ फिरवून गेले. दुसऱ्या दिवशी वर्ग भरला.

बाई निवृत्त झाल्या त्या दिवशी हार गळ्यात असतानाच त्यांनी पर्स उघडली आणि फ्यूज माझ्या हातात ठेवला. "साळवीबाई, हा मागतील. द्यायचा नाय."

सोमवारी हेडसरांनी मागितलाच. मी पर्सची चेन लावली.

"सर, शाळा सुटल्यावर वर्ग आहे," मी म्हटलं.